फिरोजचाचांची चकरी आणि दूरचा समुद्र

मित्रांनो, मी मुलांना बसवून गरगर फिरवणारी एक जुनी लोखंडी चकरी आहे. नांदूरघाटच्या अलीकडे एका वस्तीवरच्या शाळेत, लिंबाच्या झाडाखाली माझा मुक्काम असतो. ट्रकचा मोडका आस, पाइप आणि पत्रा जोडून वेल्डिंगचं काम करणाऱ्या फिरोजचाचांनी मला घडवलं. मी पहिली फेरी मारली, तेव्हा चाचा कमरेवर हात ठेवून इतक्या कौतुकाने बघत होते, की मी जरा शेफारलेच.

दिवाळी सरली की बरीच मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. मग मी गंजत पडते आणि शेळ्या माझ्या पाइपांना अंग घासतात. मुलं परतली, की माझ्यावर अशी तुटून पडतात की गंज कुठल्या कुठे पळतो!

पण यंदा माझ्यावर आळ आला. फिरता फिरता मी मध्येच जोर धरते, अशी तक्रार झाली. सत्यम तर उडून पडला आणि त्याचं ढोपर फुटलं. चाचांनी पुन्हा पुन्हा बेअरिंग बदललं, ग्रीस भरलं, तरी गुण येईना. शेवटी मुख्याध्यापक त्रिंबक सर म्हणाले, "हिचा भरवसा राहिला नाही. कापून टाका." आणि कापायला बोलावलं ते चाचांनाच! गॅसचे सिलिंडर उतरवताना ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते.

त्याच वेळी लिंबाखाली सुनिता मॅडमचा तास चालला होता. समुद्राचं पाणी इकडून तिकडे सरकलं, की पृथ्वीच्या फिरण्याचा वेग किंचित बदलतो, असं त्या सांगत होत्या.

मंगल उठून म्हणाली, "मॅडम, समुद्र तर लई लांब हाय. त्याच्यापायी आपला दिवस कसा काय लहानमोठा व्हईल?"

मॅडम हसल्या. "चाचा, कापण्याआधी चकरी जरा द्या. ही आपली पृथ्वी आणि पोरं म्हणजे समुद्र."

मुलं माझ्या कडेला बसली. मॅडमनी मला हळूच फिरवलं आणि म्हणाल्या, "घट्ट धरून मध्ये सरका!" मुलं आत सरकली आणि मी भन्नाट सुटले. "आता कडेला!" मी मंदावले. मग सगळी एकाच बाजूला गोळा झाली, तर मी डुगडुगू लागले.

"पृथ्वीचंही असंच होतं," मॅडम म्हणाल्या. "पाणी ध्रुवांकडे, म्हणजे तिच्या आसाजवळ सरकलं, की ती जोरात फिरते आणि दिवस लहान होतो; विषुववृत्ताकडे आलं, की उलट. फक्त इतकं थोडं, की आपल्या घड्याळाला पत्ता लागत नाही. आणि पाणी जिथे जास्त जमतं, तिथे पृथ्वीची ओढही केसभर वाढते. वरून फिरणाऱ्या उपग्रहांना ती कळते."

एवढी मोठी पृथ्वी माझ्यासारखीच वागते! मला आनंदाने गगन ठेंगणं झालं.

चाचांनी मात्र वेगळंच पाहिलं होतं. ते एकदम ओरडले, "सर, बेअरिंगमदी खोट न्हाई! पोरं मदी सरकत्यात म्हणून ही पळती. आन् मी येडा ग्रीस भरत बसलो!"

त्रिंबक सरांनी मला स्वतः दोनदा फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "पण पोरांना मध्ये जाण्यापासून अडवणार कोण?"

"आमी हाय ना!" म्हणत चाचांनी मला कापायला आणलेली ज्योत पेटवली आणि त्याच ज्योतीने माझ्या मधोमध गोल कठडा जोडला, कडेला बसायच्या जागा केल्या. अंगाला चटके बसत होते, पण मित्रांनो, असे गोड चटके मी कधी सोसले नव्हते.

मित्रांनो, एखादं यंत्र वेडंवाकडं वागलं, तर त्याला मोडीत काढण्याआधी त्याच्यावर कोण कुठे बसलंय ते बघा. आणि अधूनमधून थोडं ग्रीस द्या.

कठडा थंड झाल्यावर मुलांनी चाचांनाच ओढून माझ्यावर बसवलं. मला घडवून इतकी वर्षं झाली, पण ते कधी बसले नव्हते. "पोरांनो, हळू रं, हळू!" ते ओरडत होते, हसत होते आणि मी त्यांना फिरवत होते.