टेबलावरचा थवा

मालकीणबाईंच्या नाकावर माशी बसायची हिंमत करत नसे, आणि कारखान्यातल्या कॉम्प्युटरने तर गेले काही दिवस तिथे अख्खं मोहोळ बसवलं होतं. सकाळी बटण दाबलं की हे महाराज डोळे उघडेपर्यंत एखादीने धुणं आटोपून यावं. उघडले तरी धड नाही. मधेच भलत्याच जाहिराती नाचायच्या, आणि भरतकामाचं मशीन नक्षीची वाट बघत सुई वर करून ताटकळायचं. काल तर कहर झाला. नक्षी अर्धी पाठवली आणि कॉम्प्युटर बसकण मारून बसला तो बसलाच.

एरवी बाईंनी चार शिव्या हासडून वेळ मारून नेली असती. पण नाट्यगृहाच्या नव्या पडद्याचं काम हाताशी आलं होतं. गर्द निळी मखमल, आणि तिच्यावर खालच्या कोपऱ्यातून वर झेपावणारा पक्ष्यांचा थवा. एका पक्ष्यासारखा दुसरा नाही. तो थवा धाकट्या सुनेने काढला होता, टाक्याटाक्यासकट, कॉम्प्युटरवर, डोळ्यांच्या खाचा होईस्तोवर. नाट्यगृहाची माणसं उद्या नमुना बघायला येणार होती. नमुना पसंत पडला तर पडदा यांचा, नाहीतर काम दुसरीकडे जायला टपलेलंच होतं.

म्हणून जावयांना बोलावणं गेलं. जावई कुठल्याशा ऑफिसात कॉम्प्युटरचीच कामं बघत. माणूस गुणी, पण विचारलं एक तर सांगणार सात, त्यामुळे घरात त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना 'सर्वज्ञ' म्हणत. पुढ्यात अर्थात जावईबापू. मुलीचं सुख त्यांच्या हाती, तेव्हा मालकीणबाईंची जीभ सगळ्यांवर चालायची, जावयांवर मात्र तिला साखर लावलेली असायची.

हा कॉम्प्युटर बसवला होता तोही त्यांनीच. आत दोन डिस्क, एक छोटी, एक मोठी. बाईंना समजेना, तेव्हा ते म्हणाले होते, छोटी म्हणजे तुमचं कामाचं टेबल, कॉम्प्युटर उठतो-बसतो तो हिच्यावर. मोठी म्हणजे कपाट, माल साठवायचा तिच्यात. बाईंना हे एकदम पटलं होतं. टेबल आणि कपाट त्यांना कुणी शिकवायला नको.

आज जावयांनी सगळं तपासून निदान केलं की रोग टेबलाला लागलाय. टेबल साफ पुसायचं, घासून कोरं करायचं, त्यावर नवी सिस्टिम मांडायची. कपाटाला हात लावायचा नाही.

"मग कपाट आधी बाहेर काढा," बाई म्हणाल्या.

जावई हसले. म्हणाले, गरज नाही, कुठली पुसायची ते मला दिसतं. त्यावर बाईंनी आवाजात आणखी थोडी साखर घालून सांगितलं की दिसत असेलच, पण आमच्यात जे कापायचं नाही ते कात्रीच्या आसपास ठेवत नाहीत. तुमचा हात चुकेल असं नव्हे, पण कात्रीला कुठे नातं कळतं. जावयांचा चेहरा जरा उतरला. तरी त्यांनी स्क्रू काढले, मोठ्या डिस्कच्या वायरी सोडवल्या आणि ती बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती मलमलीच्या तुकड्यात गुंडाळून फळीवर ठेवली, आणि आपल्या हुशारीवर खूश होऊन खुर्चीत टेकल्या.

मग जावयांनी विचारलं, "सगळं कपाटात गेलंय ना? टेबलावर काही राहिलं नाही?"

धाकटी भिंतीपलीकडे मखमलीला वाफ देत होती. हाक मारली असती तर ओ दिली असती. पण हाक कोण मारणार? कारखाना कुणाचा, कपाट कुणाचं?

"माझ्या घरात सगळं जागच्या जागी असतं," बाई म्हणाल्या.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर छोट्या डिस्कच्या नावाची ओळ दिसत होती. जावयांनी ती निवडली, पुसायचं बटण दाबलं. खरंच पुसू का, असं कॉम्प्युटरने विचारलं. त्यांनी हो म्हटलं. ओळीच्या जागी 'रिकामी जागा' आलं. आता फक्त 'पुढे' म्हणायचं होतं.

तेवढ्यात धाकटी दोऱ्याची रिळं घेऊन आत आली. तिने पडद्याकडे पाहिलं, फळीवरचं गाठोडं पाहिलं, आणि सहज विचारलं की थवा उतरवून घेतला ना.

जावई म्हणाले, तो कपाटात असेल की.

"कपाटात कसा असेल?" धाकटीचा आवाज बारीक झाला. "संपलेला कुठेय तो? हातातलं काम कपाटात टाकायचं नाही ना आपल्यात."

नियम मालकीणबाईंचाच. कपाटात गेलेलं अर्धं काम विसरलं जातं, म्हणून गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत प्रत्येक कपडा टेबलावरच डोळ्यांसमोर राहिला पाहिजे, हे त्या ऊठसूट सगळ्यांना ऐकवत आल्या होत्या. जावयांनी छोट्या डिस्कचं टेबल केलं, बाईंनी त्या टेबलाला आपला नियम लावला, आणि गुणी सुनेने तो पाळला. आणि ते टेबल आत्ताच पुसलं गेलं होतं.

जावयांचं बोट अजून माउसवर होतं.

"हात उचला," बाई म्हणाल्या. साखर कुठल्या कुठे उडाली होती.

जावयांनी चटका बसल्यासारखा हात उचलला आणि कॉम्प्युटर बंद केला. नेहमी सात सांगणारा माणूस, आता एकही वाक्य पुरं करेना. अखेर एवढं म्हणाले की आत्ता फक्त दारावरची पाटी काढलीय, खोलीतलं सामान अजून आत असेल. कदाचित. डिस्कवर नवं काही लिहिलं गेलं असतं तर मग गेलंच होतं.

धाकटी त्यांच्याकडे वळली. "तुम्ही पुसण्याआधी विचारलं का नाही?"

जावयांनी सासूबाईंकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. बाईंच्या लक्षात आलं, हा माणूस आपल्यासाठी बोल खायला तयार आहे. आपण नुसतं गप्प बसलं की झालं. ओझं आपोआप त्या वाकलेल्या मानेवर जाईल आणि कुणाला कळणारही नाही.

"विचारलं त्यांनी," बाई म्हणाल्या. "उत्तर मी दिलं."

धाकटीने हातातली रिळं एकेक करून खाली ठेवली. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात बाई कुणाला हार जात नसत.

जावयांनी छोटी डिस्क बाहेर काढून आपल्या लॅपटॉपला जोडली आणि हरवलेलं शोधणारं कसलंसं सॉफ्टवेअर चालू केलं. पडद्यावर एक हिरवी रेघ गोगलगायीच्या चालीने सरकू लागली. तिघं तिच्याकडे बघत बसले. मधे रेघ अडकली, इतका वेळ की जावयांनी कपाळ पुसलं. बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. शेवटी रेघ हलली.

निघालं ते बिननावाचं. नुसत्या आकड्यांच्या फायलींची रास. कुणाचं बारसं कुणाला आठवणार? धाकटी एकेक उघडू लागली. जुनी बिलं, कुणाच्या गणवेशावरचं चिन्ह, काहींत नुसता कचरा. तिच्या मानेवरची शीर उडताना बाईंना मागून दिसत होती.

आणि मग एका फायलीत पक्षी उघडले. खालच्या कोपऱ्यातून वर, एकामागून एक. जावयांनी श्वास सोडला. धाकटीने मात्र सोडला नाही. ती चित्र मोठं करून वर वर जात राहिली. सगळ्यात वरचा पक्षी एकाच पंखाचा होता.

"ही जुनी प्रत आहे," ती म्हणाली. "तो पंख मी काल काढला होता."

जावई म्हणाले, नवी प्रतही असेल कुठेतरी. पुन्हा शोधलं. नव्हती.

"पुन्हा निघेल?" बाईंनी विचारलं.

"निघेल. तसाच निघेल असं नाही." मग पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "मी भिंतीपलीकडे होते, आई. नुसती हाक मारायची होती."

मालकीणबाईंनी बोटाला गुंडाळलेलं पदराचं टोक हळूच सोडलं.

जावयांनी लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. म्हणाले, थवा आता यात आहे, उद्यापर्यंत यावरच कर, मशीनला इथूनच पाठवू. त्याच वेळी टेबलावरचा फोन वाजला. तो उचलायचा मान आजवर बाईंचाच. नाट्यगृहातला माणूस बोलत होता. नमुना तयार आहे ना, उद्या सकाळी लवकरच आलो तर चालेल ना, असं विचारत होता.

चालेल की, सगळं तयार आहे, हे शब्द जिभेच्या टोकावरच होते. बाईंनी तोंड उघडलं. मिटलं. जरा थांबा म्हणाल्या आणि फोन धाकटीपुढे धरला.

"नमुना कधी बघायला येऊ म्हणतायत. तू सांग."

धाकटीने फोन लगेच घेतला नाही. तिने त्या एकपंखी पक्ष्याकडे पाहिलं, बोटाने पडद्यावरच पंखाची एक रेघ ओढून पाहिली, पुन्हा एक ओढली. मग फोन कानाला लावला.

"उद्या संध्याकाळी या," ती म्हणाली. "त्याआधी नको."