मी दोन ओळींचा, तो चित्रांचा

मी दोन ओळींचा निळा डिस्प्ले बोलतोय. एका ओळीत सोळा अक्षरं, तीही इंग्रजी. एवढीच माझी विद्या. पण तिच्या जोरावर मी या घरात तीन वर्षं मान मिळवला.

माझी मालकीण लिफ्ट दुरुस्त करते. सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर तारांचा पसारा मांडून बसते. तिच्या वडिलांना, नानांना, ऐकू येत नाही. म्हणून तिनं मला मायक्रोकंट्रोलर नावाच्या छोट्या चिपला जोडलं आणि प्लॅस्टिकच्या डब्यात बसवून नानांच्या खुर्चीसमोर ठेवलं. कुणी बेल दाबली की मी उजळून इंग्रजीत ‘डोअर’ लिहायचो. नानांना इंग्रजी वाचता येत नाही. ते उजेड बघून उठायचे आणि जाताजाता सदऱ्याच्या बाहीनं माझी काच पुसायचे.

मग तो आला. ग्राफिक डिस्प्ले! अंगठ्याएवढं नखरेल कार्टं. त्याला चित्रं काढता येतात, आपली अक्षरंही येतात. टेबलावरच्या पहिल्याच चाचणीत त्यानं लिहिलं, ‘नाना, दार वाजतंय.’

नानांनी मोठ्यानं वाचलं. “अगं, हा तर मला हाक मारतोय!”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. राबलो मी, आणि कौतुक या कालच्या पोराचं!

दुसऱ्या दिवशी मला डब्यातून काढून ती त्याला बसवायला लागली. लाल तार डावीकडे, काळी उजवीकडे, ही तिच्या हाताची जुनी सवय. त्याचं नेमकं उलटं होतं. पिनांजवळ बारीक अक्षरांत तसं लिहिलंही होतं. काल तिनं वाचून जोडलं होतं. आज नाना सारखे “झालं का गं?” करत होते, आणि तिनं वाचलं नाही. मी शेजारीच पडलो होतो; मला सगळं दिसत होतं. मला ओरडता येत नाही हे खरं. पण येत असतं तरी ओरडलो नसतो.

जळका वास आला. धुराची बारीक रेघ निघाली.

“गेला बिचारा,” ती पुटपुटली. “माझाच गाढवपणा.”

संध्याकाळी मी पुन्हा डब्यात. शेजारणीनं बेल दाबली आणि मी होता नव्हता तेवढा जोर लावून उजळलो. नाना दार उघडून आले, माझी काच पुसली आणि लेकीला म्हणाले, “याला शिकव ना माझं नाव.”

तिनं नकारार्थी मान हलवली.

“बरं, असू दे,” नाना म्हणाले. हे मला फार लागलं.

मालकीणबाई, नवा आणा. या वेळी अक्षरं वाचून तारा जोडा. मला खणात टाका, माझी तक्रार नाही. फक्त खण घट्ट लावा. नाना फार मोठ्यानं वाचतात.