खापराचं तिकीट

त्या स्टेशनाचं नाव मी सांगणार नाही. बाबूची नातवंडं कुठेतरी असतील, शिकूनसवरून मोठी झाली असतील, उगाच त्यांना वाईट वाटायचं. रनाळ्याच्या अलीकडचं एक लहानसं स्टेशन. एक निंबाचं झाड, सामान तोलायचा एक लोखंडी काटा आणि एक मगनलाल बाबू, एवढं पुरे.

साल छत्तीस असावं, किंवा सदतीस. मी सतरा वर्षांची होते. माहेर नंदुरबारच्या पलीकडे, गाडीने तासा-दीड तासाचं. त्या वर्षी माघात माझे वडील गेले आणि वैशाखात आखाजी आली. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. सगळ्या माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. पण ज्या घरातलं माणूस गेलं, तिथे त्या दिवशी सकाळी त्याच्या नावाची घागर भरायची आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा. वडिलांची ही पहिली घागर, आणि मी त्यांची एकुलती लेक.

आमच्याकडे पुरणपोळी तव्यावर होत नाही, खापरावर होते. खापर म्हणजे मातीचं मोठं पसरट भांडं. चुलीवर पालथं घालायचं आणि हातावर झुलवत मोठी केलेली पोळी त्याच्या पाठीवर टाकायची. आईचं खापर होळीलाच तडकलं होतं. माझ्या सासरच्या गावचा कुंभार खापरासाठी नावाजलेला. आईचा निरोप आला, ‘गजरा, येताना खापर आण. तुझ्या बापाला तव्यावरची पोळी कधी आवडली नाही.’ सासूबाईंनी पाच-सहा खापरांना टिचक्या मारून, आवाज ऐकून एक निवडलं आणि गवतात गुंडाळून माझ्या हवाली केलं.

न्यायला माझा भाऊ चुडामण आला होता. उधळलेला बैल एका हाताने धरणारा माणूस, पण टोपीवाला अंमलदार दिसला की त्याची जीभ टाळूला चिकटायची. गाडी तीनची. त्यानंतरची दुसऱ्या दिवशी दुपारची, म्हणजे तोवर घागर भरून झालेली असायची.

खिडकीशी चुडामणने दोन तिकिटांचे पैसे ठेवले. बाबूने पैशांकडे पाहिलंच नाही. माझ्या काखेतल्या गवताच्या गुंडाळीकडे पाहिलं.

“ए शुं छे?”

“खापर शे, बाबूसाहेब,” चुडामण म्हणाला.

“काट्यावर ठेवा.”

ठेवलं. वजन कमी भरलं. मला वाटलं, सुटलो. बाबूने लाकडी पट्टी काढली, खापराला एकदा आडवी लावली, एकदा उभी लावली आणि मान हलवली. “वजनात बसतं, आकारात नाही बसत. जास्तीची आकारणी. शिवाय मातीचं आहे. वाटेत फुटलं तर? जोखमीची आकारणी वेगळी.” मग कागदावर बराच वेळ काहीतरी मांडून म्हणाला, “एका तिकिटाएवढे झाले.”

“कोनं तिकीट?” चुडामणने विचारलं.

“खापराचं.”

चुडामणच्या कनवटीला एक आणा उरला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे.

“पैसा कसाना मांगी ऱ्हायनात, भाऊ?” मी पदर सावरून पुढे झाले. “मी येताना पेटी आणस, गाठोडं आणस, कधी पैसा नही पडनात.”

“बेन, अंथरूण फुकट, खाण्याच्या वस्तू फुकट. खापर अंथरूण आहे? खापर खाता?”

चुडामणला एवढ्यात काहीतरी सुचलं. त्याने शिदोरीतल्या दोन भाकरी काढल्या, गवत बाजूला सारून खापरावर मांडल्या आणि वर कांदा ठेवला. “घ्या. आते हाई खावानं शे.”

बाबूने कांद्याकडे पाहिलं. “भाकरी फुकट. कांदा फुकट. खापराचे पैसे.”

“मग आमची दोघांची तिकिटं तरी द्या,” मी शाळेतल्यासारखं मराठी बोलून पाहिलं. दोन यत्ता शिकले होते.

“तिघांची एकदम मिळतील.”

“तिघांची?”

“तुम्ही दोघं आणि खापर.”

मला हसू येत होतं आणि रडूही. गेल्या वर्षी कोणीतरी सांगितलं होतं की स्टेशनात तक्रारीची वही असते. मी म्हटलं, “मले तक्रार लिखनी शे.”

“खुशाल. वही आत आहे.”

“मग मी आत येते.”

“आत यायला तिकीट लागतं.”

“तिकीट तुम्ही देत नाही.”

“तीच तर तक्रार आहे ना तुमची? आत येऊन लिहा,” बाबू अगदी शांतपणे म्हणाला. “आणि बेन, इंग्रजीत लिहायचं. वरच्या ऑफिसात जातं, सहा महिन्यांत उत्तर येतं.” एवढं बोलून त्याने खिडकीची फळी खाली ओढली आणि मागच्या बाजूने चहाची बशी फुंकल्याचा आवाज आला.

चुडामण मला बाजूला घेऊन म्हणाला, “जाऊ दे वं, बहिन. खापर हमालपान ठी दे. मायले मी समजाडसू.”

“आणि बापले कोन समजाडी?” मी विचारलं.

निंबाखाली आठ-दहा बायका गाडीची वाट पाहत होत्या. सगळ्या माहेरवाशिणी. प्रत्येकीच्या काखेत गाठोडं, प्रत्येकीचं बाबूशी काही ना काही झालेलं. कमलबाई नावाच्या एका थोराड बाईच्या झोक्याच्या दोरीलाही त्याने पट्टी लावली होती. मी त्यांच्यात जाऊन बसले. खापर मांडीवर घेतलं. बसल्या बसल्या डोक्यात काय आलं कोण जाणे, उठून पुन्हा खिडकीशी गेले आणि फळी वाजवली.

“बाबू, तुमनं पूर्ण नाव काय शे?”

फळी वर झाली. “मगनलाल. का?”

“तक्रारले नाव लागस ना.”

“पण तुम्हाला इंग्रजीत लिहिता कुठे येतं?”

“मले लिखता येस नही,” मी म्हटलं. “गाता येस.”

तो हसला आणि फळी पाडली. सुरतेकडून नवा आलेला माणूस. त्याला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे आखाजीला दोन गावांच्या बायका नाल्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि एकमेकींना गाण्यातून शिव्या देतात. पोटभर, तोंडभरून, नावं घेऊन. त्या दिवशी कोणी रागवायचं नसतं आणि कोणी अडवायचंही नसतं. सापडेल त्याला गाण्यात ओवायचं. एकदा गाण्यात ओवला गेलेला माणूस वर्षभर त्यातून सुटत नाही, कारण पोरी तेच गाणं दळताना म्हणतात, निंदताना म्हणतात.

निंबाखाली जाऊन मी पहिली ओळ लावली.

*टेसनना मगनबाबू काय काय तोलस वं?*

कमलबाईने डोळे मिचकावले आणि लगेच उचललं.

*खापर तोलस, दोरी तोलस, निंबनी सावली तोलस वं!*

पुढची ओळ सुचेना. बाबूच्या घराचं मला काय ठाऊक? तरी ठोकून दिली.

*घरमा जाईसन बायकोनं मीठ बी तोलस वं!*

बायका हसून हसून एकमेकींवर कलंडल्या. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा सगळ्यांचं पाठ झालं होतं. चुडामण तोंडावर उपरणं धरून झाडामागे गेला.

स्टेशनचा हमाल चैत्या दिवे पुसत होता. त्याने हातातलं फडकं टाकलं आणि बाबूच्या खोलीकडे धावला. फळी बंद होती, पण चैत्याचा आवाज पातळ नव्हता.

“साहेब, गाणं बांधी ऱ्हायन्यात!”

“गाऊ दे.”

“साहेब, तुमनं नाव ओवं शे. मांगला वरीसले नाकाना कारकूनले असंच ओवं व्हतं. बाजारमा गया का पोऱ्या मांगे गातेत. भाजी लेवाले बी बाहेर पडे ना. शेवट बदली मांगी लिधी.”

आत बशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

“पण ती तर पुढे चालली, माहेरी. इथे कोण गाणार?”

“साहेब, त्या धा जनी शेतीस. धा गावले उतरतीन. गाडी समदा टेसनवर थांबस ना?”

तेवढ्यात सिग्नल पडला. बाबू खिडकीतून नाही, चक्क दारातून बाहेर आला. टोपी हातात. काटा, पट्टी, कागद काहीच बरोबर नव्हतं. निंबापासून चार हात लांब उभा राहिला, जसं काही आम्ही सगळ्या मिळून चावणार होतो.

“बेन, मी कायदा पुन्हा पाहिला. नैवेद्याच्या भांड्याला आकारणी नाही.”

मी नैवेद्याचं नाव त्याच्यापुढे काढलंच नव्हतं. चैत्याने सांगितलं असणार.

“आणि जोखीम?”

“जोखीम तुमची. सांभाळून न्या.” त्याने दोन तिकिटं पुढे केली. “पण ते गाणं, बेन... वचन द्या.”

दुरून इंजिनाची शिटी ऐकू आली. मी खापरावर हात ठेवला. “मी तोंडमाईन एक शब्द काढाव नही. बापनी घागरनी आन.”

गाडी आली. डब्यात चढताना चुडामणने खापर असं छातीशी धरलं होतं की बघणाऱ्याला तान्हं मूल वाटावं. बाबू फलाटावर हात जोडून उभा होता. गाडी हलली, आणि कमलबाईने खिडकीतून डोकं बाहेर काढून पहिली ओळ ताणली. बाकीच्या नऊ जणींनी झेलली. मी वचन पाळलं. एक शब्द उच्चारला नाही. फक्त टाळी धरली. टाळीचं वचन त्याने मागितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने नव्या खापरावर पहिली पोळी टाकली. ती सरसरून फुगली तेव्हा आई माझ्याकडे न बघता म्हणाली, “गजरा, आवाज बराबर शे याना.” घागर भरली, नैवेद्य दाखवला. चुडामणने भाकरी-कांद्याची गोष्ट सांगितली तेव्हा आई डोळे पुसता पुसता हसली. वडील गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली. संध्याकाळी नाल्यावर गेले, पण गायले नाही. गरजच नव्हती. पलीकडच्या काठावरून तेच गाणं आलं, आणखी चार ओळी जोडून.

आठ दिवसांनी सासरी परतले. गाडीतून उतरले तर बाबू तिकिटं घ्यायला उभा, माझं तिकीट घेताना नजर पार रुळांकडे. मी भराभर फाटकाबाहेर आले. तिथे स्टेशनच्या मागच्या क्वार्टरातून एक गोरीशी बाई पदर डोक्यावर ओढत धावत आली. हात पिठाने भरलेले.

“गाणावाळी बेन तमे?” तिने विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबूची बायको!

“मी गायले नाही हो, शपथ घेतली होती...”

“ते नको सांगू.” तिने इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी आली. “चैत्याच्या बायकोने मला म्हणून दाखवलं. सगळं बरोबर आहे, एक चूक आहे. मीठ नाही तोलत ते.”

“मग?”

“घी,” ती म्हणाली. “रोज सकाळी. मी उठायच्या आधी. तेवढं दुरुस्त करा.”

पुढच्या आखाजीला दोन्ही काठांवर तूपच म्हटलं गेलं.