धुळाचं फूल

गुंडा हवालदार सत्तरीचा झाला, पण तरुणपणी एकदा जाऊन आल्यावर कुंडलच्या वाटेला पुन्हा कधी गेला नाही. कडेगावाहून कुंडल ते कितीसं लांब! तिकडचं लग्नाचं आवतण आलं की तो बायकोला, मनुबाईला पुढं करायचा आणि आपण पाण्याची पाळी सांगून उसात जाऊन बसायचा.

१९९५ साली दुसरी मोठी लढाई संपून पन्नास वर्षं झाली म्हणून साताऱ्यात जुन्या शिपायांचा मेळावा भरला. विलायतेहून चारपाच पाहुणे आले होते. त्यांतली एक म्हातारी बाई रांगेतल्या एकेकाच्या छातीवर कागदाचं लाल फूल टाचत चालली होती. गुंडासमोर ती थांबली, त्यालाही फूल टाचलं आणि काहीतरी बोलली. बरोबरच्या मेजरसाहेबांनी मराठीत सांगितलं, "बाबा, हे खसखशीच्या जातीचं फूल. त्यांच्याकडं नोव्हेंबरात लोक हे लावतात, लढाईतनं परत न आलेल्यांच्या आठवणीला. जमेल तो पैसा जुन्या शिपायांना जातो, आपल्या ध्वजदिनासारखाच. बाई विचारतायत, तुमच्यासंगं गेलेला कोण परत आला नाही?"

गुंडाला फूल ओळखू आलं होतं. इटलीत रेल्वेच्या कडेनं रानंच्या रानं तांबडी झालेली त्यानं पाहिली होती. त्याच्या तोंडून नाव निघून गेलं, "धुळा. कुंडलचा."

पन्नास वर्षांत त्यानं ते नाव उच्चारलं नव्हतं. बाईनं पिशवीतनं दुसरं फूल काढलं, त्याच्या तळव्यावर ठेवलं आणि त्याची मूठ आपल्या हातानं मिटवली.

जेवणाला तो थांबला नाही. एसटीनं कराडला आला आणि तिथं कडेगावची गाडी समोर उभी असताना कुंडलच्या गाडीत चढला.

गाडीत त्याला नदी दिसत होती. इटलीतली, फार रुंद नसलेली, पण ओढीची. पहाटे पाण्यात उतरले तेव्हा धुळा त्याच्या पुढं होता. पलीकडून गोळ्या सुटल्या आणि धुळा मागं कलंडला. गुंडानं त्याचा पट्टा धरला. पाणी दोघांनाही ओढायला लागलं. गुंडानं पट्टा सोडला. काठावर साहेबानं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मी पाहिलं नाही." साहेबानं कागदावर 'बेपत्ता' लिहिलं. पुढं सुट्टीवर आल्यावर कुंडलला गेला, तर धुळाची सोळा वर्षांची बायको चंद्रा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी. तिच्यापुढंही त्यानं तेच सांगितलं. "न्हाई दिसला, वैनी. यील बी."

कुंडलात धुळाचं घर त्याच जागी होतं. सोप्यात चंद्राबाई शेंगा फोडत बसली होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. नजर अधू झाली होती.

"कोण हाय?"

"मी गुंडा, वैनी. कडेगावचा."

तिचे हात थांबले. "लय दिसानं आलासा, भावजी. बसा. त्यांचं काय कळलं का?"

गुंडा बसला नाही. उभ्यानंच त्यानं सगळं सांगितलं. नदी, गोळ्या, पट्टा, साहेबाला सांगितलेलं खोटं. मग मूठ उघडून फूल तिच्यापुढं धरलं. ते कशाचं हेही सांगितलं. चंद्राबाईनं बोटांनी चाचपलं.

"कागदाचं हाय की."

"व्हय."

"सोडलंसा तवा त्यो मेला हुता का जित्ता?"

"मेला हुता." गुंडानं डोक्यावरची टोपी काढली. "मला वाटतं, वैनी, मेला हुता."

टोपल्यातल्या शेंगा तिनं एकदा वर काढल्या, पुन्हा आत टाकल्या.

"माझ्या भावानं म्होतराचं, दुसऱ्या लग्नाचं ठरवलं हुतं," ती म्हणाली. "इट्याचं स्थळ. बायको मेल्याला, पन चांगला मानूस. मी म्हनलं, मालक जित्तं असताना दुसऱ्या घरी कशी जाऊ? गुंडा भावजी म्हनल्यात, यील. भाऊ मरंपतूर माझ्याशी बोलला न्हाई. एक लेकरू झालं असतं मला, भावजी. एक तरी."

"चुकलं माझं."

"व्हय. चुकलं." तिनं फूल त्याच्या हातात परत दिलं. "हे तुमीच लावा. मला नगं."

ती रडली नाही. तिनं पुतण्याला, भाऊसोला हाक मारली. "तुजा काका गेलाय रं. काय करायचं असतंय ते करा."

घरातल्या बायकांनी समजावलं, आता या वयात कशाला. ती ऐकेना. चार दिवसांनी भिलवडीच्या घाटावर गवताचा पुतळा करून अग्नी दिला. गुंडाही कडेगावाहून घाटावर आला होता. भाऊसोनं डोकं भादरलं. त्याच्यापाठोपाठ, कुणी न सांगता, गुंडा न्हाव्यापुढं जाऊन बसला. कुणी त्याला नको म्हणालं नाही, ये असंही म्हणालं नाही. चंद्राबाईनं कुणाला हात लावू दिला नाही. पायरीच्या दगडावर आपल्याच हातानं बांगड्या वाढवल्या, पदरानं कपाळ पुसलं. काचेनं मनगटाला रक्त आलं ते कृष्णेत धुतलं.

निघताना गुंडा तिच्या पाया पडायला वाकला. तिनं पाय आखडून घेतले.

"वैनी, परत यीन."

"नगा यिऊ," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुमी आलासा की मला ती नदी दिसंल. मी पाहिल्याली न्हाई, तरी दिसंल."

गाडीत शेजारच्या माणसानं त्याचं भादरलेलं डोकं पाहून विचारलं, "घरातलं कोण गेलं, बाबा?"

"दोस्त," गुंडा म्हणाला. माणूस आणखी काही विचारायला गेला, पण गुंडानं तोंड खिडकीकडं वळवलं. बाहेर उसाला तोडी लागल्या होत्या.

तो घरी पोचला तेव्हा मनुबाई दारातच होती. तिनं त्याच्या डोक्याकडं पाहिलं. चुलीवरच्या हंड्यातलं पाणी बादलीत काढलं आणि न्हाणीत नेऊन ठेवलं.