पथ्याचे पंधरा दिवस

आमच्या सोनालीला बघायला आलेल्या मुलाच्या काकांनी, गजेंद्रआबांनी, स्वतःच्या हातानं शेवभाजीचा रस्सा यांच्या ताटात वाढला. यांच्यासाठी मी ओट्यावर वेगळं पातेलं झाकून ठेवलं होतं, त्यात मिरचीचं नावसुद्धा नव्हतं. पण आबा म्हणाले, घरधन्यानं पहिला घास घेतल्याशिवाय आम्ही ताटाला हात लावणार नाही. आता खानदेशातल्या माणसानं पाहुण्यांसमोर फिकं वरण खायचं म्हणजे आणखी शंभर प्रश्न. यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि भाकर कुस्करली.

झालं. पंधरा दिवसांचं पथ्य त्या एका वाटीत बुडालं.

आमचे हे, हिलाल, इथं गुजरातेत पलसाण्याच्या एका डाईंग मिलमध्ये बावीस वर्षं कापड सुकवायच्या मशीनवर आहेत. समोरून आगीसारखी हवा, खालून वाफ. चार वर्षांपूर्वी गाल लाल व्हायला लागले, मग नाक. नाकावर बारीक शिरा उमटल्या, पुळ्या आल्या. मी आधी लिंबू चोळलं, नंतर शेजारच्या कलाबाईचं ऐकून हळद-बेसन. माणूस रात्रभर तळमळला. माझ्या अकलेचा उजेड, दुसरं काय! शेवटी कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर नाव लिहून दिलं, रोझेशिया. म्हणाल्या, हा जात नाही, सांभाळावा लागतो. ऊन नको, वाफ नको, तिखट नको, कढत चहा नको, तोंड घासायचं नाही, मलम चुकवायचं नाही. मी विचारलं, मग मिलचं काय? तर म्हणाल्या, जमलं तर काम बदला. जमलं तर! पन्नाशीला आलेल्या माणसाला आमच्या लिंबायतीच्या वस्तीत कोण नवं काम देणार आहे?

मग घरात जेवढं होईल तेवढं करायचं. चहावर साय धरेपर्यंत कप तसाच ठेवायचा. मिलमधून आले की माठातल्या पाण्याची घडी तोंडावर. भर उन्हात छत्री घेऊन निघाले की गल्ली हसते, हसू दे.

पण लोकांना चिठ्ठी दिसत नाही, नाक दिसतं. त्यात गुजरातेत दारूबंदी, म्हणून लाल नाकाकडे सगळे जरा जास्तच बारकाईनं बघतात. उधन्याला एका रिक्षावाल्यानं यांच्या कानाशी लागून विचारलं होतं, काका, माल कुठून आणता? देवाशपथ सांगते, या माणसानं स्वतःच्या वरातीतसुद्धा थेंब घेतला नव्हता.

सोनालीची आधीची दोन स्थळं बापाचं तोंड बघून परत गेली. योगराजचं तिसरं. तो तिला मनापासून आवडला होता. मला कुठं बोलली होती, पण फोन वाजला की गच्चीवर पळायची, त्यावरूनच कळलं. म्हणून यांनी पंधरा दिवस रजा टाकली. खिडकीला पडदा, पोटात ताक-भात, दोन वेळा मलम. आज सकाळी चेहरा इतका निवला होता की मीच बघत राहिले.

आणि आता तिसऱ्या घासाला कान पेटले, मग गाल, मग नाक. पाहुण्यांची बोलणी थांबली. मी धावत जाऊन कपाटातून चिठ्ठी आणली, आबांपुढे धरली, आजाराचं नाव वाचून दाखवलं. आबांनी ती शांतपणे घेतली, घडी केली आणि मला परत दिली.

"वहिनी, योगराजना बाप, मन्हा मोठा भाऊ, दारूमाच गया. आमनी वहिनीकडेबी अश्याच चिठ्ठ्या व्हत्यात."

रागावले असते तर बरं झालं असतं. माणूस मायेनं बोलत होता. पोरगी पसंत आहे, म्हणाले, घरही चांगलं आहे. पण जो नाही म्हणतो तो कधी सोडत नाही, हे आम्ही घरात भोगलंय. जो कबूल करतो तो सोडतो. हिलालभाऊंनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगावं, आजपासून सोडली. लगेच नारळ फोडू. नाहीतर राम राम घेतो.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणाले, जी कधी घेतलीच नाही ती सोडायची कशी? माझ्या भावानं, भटूनं, माझा पदर ओढून मला खाली बसवलं. सोनाली पाण्याचे ग्लास घेऊन दारात उभी होती. बापाला तिच्याइतकं कोण ओळखतं? मला वाटलं, आता ही बोलेल. ती फरशीकडे बघत राहिली. यांनीही ते पाहिलं.

हे उठले. हात धुतला. ओलाच हात पोरीच्या डोक्यावर ठेवला.

"आजपाईन दारू सोडी. पोरनी आन."

आबांचे डोळे भरून आले. त्यांनी यांना मिठी मारली, अशी हिंमत त्यांच्या भावाला झाली नाही म्हणाले. नारळ फुटला, साखर वाटली, पाहुणे पोटभर जेवले. मी वाढत राहिले.

पाहुणे गेल्यावर हे आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले. मी चिडूनच विचारलं, असं का बोललात? ते म्हणाले, आपण खरं बोलूनही दोन स्थळं गेलीच ना. सोमवारी रजा संपत होती. लग्न दीड महिन्यावर धरलं होतं, भर वैशाखात. तोंड काय शपथेनं पांढरं होणार होतं? उलट आता जो बघेल तो म्हणेल, पोरीच्या डोक्यावरची शपथ मोडली यानं. हा विचार मला तेव्हा आला. त्यांना तो हात ठेवतानाच आला असणार.

मग ते भिंतीकडेच तोंड ठेवून बोलले.

"कन्यादानले भटूले बसाड. होमनी आग मन्हाथीन सोसावणार नही. मन्ही डूटी शे, सांगी दे."

सोनाली उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. तुम्हीच बसा, असं ती म्हणाली नाही. मीही म्हणाले नाही.