दोन घरांची चौकट

थोरलीनं चौकटीवरची धूळ तळहातानं पुसली आणि कोरीव वेल बोटांनी चाचपला.

"हीच. उचला."

"आई, नीट बघ," मुलगा म्हणाला. "इथं सगळ्या सारख्याच दिसतात."

"माझ्या घराचं दार मी ओळखणार नाही? फुटले असतील तर तुझे डोळे."

आवाज करारी होता. रस्ता रुंद करायला गल्ली पाडली, तेव्हा तिथली दारं, खांब, सज्जे या संग्रहालयानं मागून आणले होते. आधी शाळांच्या सहली यायच्या. मग छत गळू लागलं, माणसं फिरकेनाशी झाली, आणि आता संग्रहालयालाच टाळं लागत होतं. ज्याचं त्यानं ओळखून न्यावं. उरेल ते संध्याकाळी वखारीत, सरपणाला. ट्रक फाटकात येऊन उभाही होता.

'आमचं दार संग्रहालयात आहे,' असं तिनं सुनांपुढे किती मिरवलं होतं!

"ती चौकट माझी आहे."

वळून बघायची गरजच नव्हती. धाकटी जाऊ. गल्लीत समोरच राहायची. वाटण्या झाल्यापासून दोघींत अवाक्षर नव्हतं.

"हिला सांग," थोरली मुलाला म्हणाली, "वेल माझा आहे."

"त्यांना सांग," धाकटी त्यालाच म्हणाली, "वरचे पक्षी माझे आहेत."

"काकू, मी काय पोस्टमन आहे?"

थोरलीनं वर पाहिलं. पक्षी खरंच तिचे नव्हते.

रखवालदार कसनुसा हसला. "इथली रीतच ती. एकीची वरची पट्टी वाळवीनं खाल्लेली, दुसरीच्या बाजू कुजलेल्या. आमच्या सुतारानं चांगलं तेवढं घेऊन एक उभी केली. लोकांना अख्खं दार बघायचं असतं ना! कापून देतो, ज्याचं त्याला."

ट्रकचा हॉर्न वाजला. करवतवाला पुढे आला.

थोरलीनं सांध्यावर हात ठेवला. नख शिरेल एवढीही फट नव्हती. तिच्या बुटक्या छताच्या फ्लॅटमध्ये ही चौकट उभी राहणार नव्हती, हे तिला निघतानाच ठाऊक होतं. नुसत्या बाजू मात्र पलंगाखाली आडव्या मावल्या असत्या.

"आई, हात काढ."

तिनं काढला नाही. मानही वळवली नाही.

"तुझ्याकडे छत किती उंच आहे गं?"

निरोप पोचवायला मुलानं सवयीनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

धाकटीनं चौकटीच्या दुसऱ्या बाजूवर हात ठेवला.

"मला मेलीला काय कळतंय मोजमाप," ती म्हणाली. "येऊन बघा."