व्हाया म्हैस

भिकाबाईनं भाकरीच्या तुकड्यात गूळ दाबला, गुळात पांढरी गोळी दाबली आणि तुकडा रूपलीच्या तोंडात सारला. म्हशीनं डोळे मिटून तो गिळला.

कडब्याच्या गंजीमागून पूजा ताडकन बाहेर आली. कालव्यापासून दादीला गाठता गाठता तिला चांगलीच धाप लागली होती.

"दादी! कॅल्शियमची गोळी म्हशीला?"

"वरडू नको. पान्हा चोरंल ती," भिकाबाई ओढणीला हात पुसत म्हणाली.

पूजा संतापणारच. दिवाळीत ओट्यावरून नुसता पाय घसरला आणि दादीचं मनगट मोडलं. हाडं ठिसूळ झालीत, असं हिंगोलीच्या डॉक्टरांनी सांगितल्यावर प्रेमदासनं आईला बाजेवरच बसवलं. होळीला लेंगीच्या नाचात पाय टाकायचा नाही, अशी ताकीदही दिली. लग्न होऊन तांड्यात आल्यापासून त्या फेरात पहिलं गाणं भिकाबाईच उचलायची. तिनं जेवणच टाकलं. शेवटी नववीतल्या पूजानं बापाशी बोली केली: दादी रोज गोळी खाईल, उन्हात चालेल आणि होळीला नाचेल. शाळेतून सांगाड्याचा तक्ता मागून आणून तिनं अख्ख्या घराला भाषणही ठोकलं. तेव्हापासून तांडा तिला डॉक्टरीण म्हणत होता आणि तिला ते फारच आवडत होतं.

आणि होळी परवावर आलेली!

"म्हशीला काहून पण?"

"व्याल्यावर ही बसली तर उठंना. जनावराच्या डॉक्टरानं कॅल्शियमच पाजलं ना? उठली ना? आता हिनं खाल्लं की दुधात उतरतं."

"एसटी जाते व्हाया औंढा. गोळी नसते जात व्हाया म्हैस! आणि दूध तरी तू कुठं पितेस?"

भिकाबाई रूपलीच्या पाठीवरचं गवत वेचू लागली.

"दादी, मी विचारून राहिले. कोण पितं दूध?"

"तूच म्हनलीस, त्या तक्त्यावर काडी आपटून. हाडात भर पडती ती तरणेपनी. माझी गाडी गेली, बाई. तुझी उभी हाय."

पूजाचा हात वरच्या ओठाकडे गेला. सकाळच्या पेल्यातली साय अजून तिथं वाळलेली होती. रोज तो पेला ती नाक मुरडत, दादीच्या धाकानं रिकामा करायची. एवढ्या मोठ्या भाषणातलं दादीनं नेमकं तेवढंच उचललं होतं.

"गाडीबिडी काही गेली नाही," ती पुटपुटली. "म्हातारपणी झीज थांबवायला लागतं ते."

तेवढ्यात कडब्याच्या पेंढ्या घेऊन प्रेमदास गोठ्यात आला.

"काय डॉक्टरीण, याडीच्या गोळ्या चालू हायत ना बराबर?"

भिकाबाईचा हात म्हशीच्या पाठीवर थांबला. पूजानं दादीच्या पायांकडे पाहिलं. गोळी चारायच्या नादात हे पाय रोज भर उन्हात कालव्यापलीकडच्या या गोठ्यात येत होते. आज तर पूजाला ते गाठवले नव्हते.

"एकबी वाया गेली न्हाई, बा."

"चालती बी का?"

"माझ्याहून बेस."

"मंग नाचू दे. पर तू हात धरून ऱ्हायचं. आन् उड्या न्हाईत!"

तो पेंढ्या टाकून गेला. पूजानं दादीच्या कनवटीतून गोळ्यांची पट्टी काढली. एक गोळी सोडवून उरलेल्या भाकरीत गुळासकट दाबली.

"आ कर."

भिकाबाईनं मुकाट्यानं तोंड उघडलं. शेजारी रूपलीनंही उघडलं.